मॅग्नेशिअमचा पत्रा आणि रोलिंगवरचा आळ

महोदय,

आपल्या उद्योग पुरवणीतला हलक्या धातूंवरचा लेख वाचला. ‘मॅग्नेशिअमचा पत्रा रोलिंगच्या दिशेने आडव्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो’ हे त्यातले वाक्य खटकले. (रोलिंग म्हणजे रोलरांमधून दाबून पत्रा लाटणे.) रबाळे-महापे पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्येही हे ऐकायला मिळते. पत्र्याने पोट काढले, की खापर रोलिंगच्या दिशेवर!

एझेड३१ हा नेहमीचा मिश्रधातू (सुमारे ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का जस्त) थंडपणी लाटायला गेले तर कडा तडकतात, म्हणून तो तापवून लाटतात. तेव्हा आतले षट्कोनी स्फटिक वळतात आणि बहुतेकांचा उभा अक्ष पत्र्याच्या जाडीकडे येतो. ताकद आणि बेंडिंगवर याचा परिणाम मोठा. प्रसरणावर मात्र नगण्य, कारण मॅग्नेशिअमचा स्फटिक मुळात दोन्ही अक्षांवर जवळपास सारखाच वाढतो: अंशामागे, मीटरला २५ ते २७ मायक्रॉन. जस्ताचा स्फटिक उभ्या अक्षावर ६०च्या आसपास, आडव्यावर जेमतेम १५. जस्ताच्या पत्र्याबद्दल लिहिले असते तर एक वेळ चालले असते.

मग पत्रा वाकतो कशाने? एक तर लाटताना अडकून राहिलेल्या ताणामुळे. एच-२४ अवस्थेतला, म्हणजे अर्धवटच अ‍ॅनीलिंग (तापवून मऊ करणे) झालेला पत्रा पहिल्यांदा तापला की हा ताण सुटतो आणि थंड झाल्यावर माप पूर्वीचे येत नाही. ते प्रसरण नव्हे. प्रसरण थंड झाल्यावर परत जाते. दुसरे कारण फ्रेमचे. मीटरभर पत्रा १०० अंशांनी तापला तर साधारण २.६ मिलिमीटर वाढतो, खालची पोलादी फ्रेम १.२च्या आसपास. दोन्ही टोकांना बोल्ट करकचून आवळले तर तो जाईल कुठे? एका टोकाची भोके लांबट ठेवली की काम भागते. ड्रिलिंगआधी एच-२४ पत्रा तासभर १५० अंशांवर ठेवून ताण काढला, तर पहिले दुखणेही बरेच कमी होते.

टेस्ट सर्टिफिकेटवर मिश्रधातूच्या नावापुढे ‘ओ’ (पूर्ण मऊ केलेला) की ‘एच-२४’ हे लिहिलेले असते. खरेदी खात्यातली मंडळी दर आणि जाडी बघून कागद फाइलला लावतात. नवी मुंबईतल्या छोट्या कारखान्यांत तुमची पुरवणी वाचली जाते, म्हणून पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती.

– एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, ऐरोली