तक्रार : न झालेल्या तासांची फी परत करणे व न उघडलेल्या पेपरांबाबत लेखी खुलासा देणे

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
नागपूर शाखा व मुख्य कार्यालय

दि. २७ ऑक्टोबर २०२५

परवा, शनिवारी, तुमच्या सल्लागाराशी झालेला फोन हा माझा सहावा आणि शेवटचा फोन. यापुढे जे काही बोलायचे ते कागदावर.

९ जूनला मुलीला क्लॅटच्या, म्हणजे विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी तुमच्या क्लासच्या वन-टू-वन मेंटॉर प्लॅनमध्ये घातले. ४८,००० रुपये दोन हप्त्यांत भरले, दोन्ही पावत्या सोबत आहेत. आठवड्याला तीन तास, परीक्षेपर्यंत एकच मेंटॉर आणि प्रत्येक मॉकनंतर (सराव परीक्षेनंतर) पेपर समोर ठेवून चर्चा, असे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते. ७ डिसेंबरच्या क्लॅटपर्यंत हे २६ आठवडे म्हणजे ७८ तास होतात. आजपर्यंत ६० व्हायला हवे होते. झाले ३७. मुलीने वहीत प्रत्येक तासाची तारीख लिहून ठेवली आहे. एकच मेंटॉर म्हणाला होतात, चार बदलले. प्रत्येक नव्याने पहिल्या तासाला "कुठपर्यंत झालंय?" हेच विचारले. आधीच्याने काही लिहून ठेवायची पद्धत तुमच्याकडे नाहीच का?

चौथ्या मेंटॉरच्या नोट्सबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण ते माझ्या रोजच्या कामातले आहे. जिल्हा न्यायालयाजवळ माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्या आठवड्यापासून वकील मंडळींच्या मसुद्यात त्यानंतरच्या गुन्ह्यांना नवी कलमे टाईप करायची सवय आम्हाला लावून घ्यावी लागली. खुनाचे ३०२ गेले, १०३ आले. फसवणुकीचे ४२० गेले, ३१८ आले. तुमच्या मेंटॉरने सप्टेंबर २०२५ मध्ये मुलीला पाठ करायला दिलेल्या नोट्समध्ये ३०२ आणि ४२०च आहे. मी कायदा शिकलेलो नाही, टायपिंग करतो, तरी मला ते पहिल्या पानावर दिसले. आणि क्लॅटला कलमे पाठ करावीच लागत नाहीत. २०२० पासून उताऱ्यात नियम दिलेला असतो आणि तो प्रसंगाला लावून दाखवायचा असतो. हे मला मुलीने समजावून सांगितले. तिला हे तुमच्याकडून कळायला हवे होते.

आता मॉकचे. एकूण ११ मॉक झाले. प्रत्येकाखाली मेंटॉरचा शेरा एकच: "चांगला प्रयत्न, वेग वाढवा." सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला डेंग्यू झाला होता, सलाईन लागले होते. त्या आठवड्याचा मॉक तिने दिलाच नाही. त्याच्याखालीही "चांगला प्रयत्न, वेग वाढवा." स्क्रीनची प्रत जोडली आहे. ती पाहून मुलगी काही बोलली नाही, लॅपटॉप मिटून आत निघून गेली.

शनिवारच्या फोनबद्दल. दुपारी दुकानात होतो, फोन स्पीकरवर होता. मुलगी शेजारी बसून एका प्रतिज्ञापत्राच्या प्रती लावत होती. फी परत करा म्हटल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "काकाजी, मुलगी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होती नं? या मुलांना क्लॅट झेपत नाही. इंग्लिशच कच्चं असते. तुम्ही तिच्यासाठी सीईटीचा पॅक घ्या, १५ हजारात करून देतो."

मी म्हणालो, ऑक्टोबरचा शेवटचा मॉक उघडा आणि इंग्रजीचे मार्क वाचून दाखवा. तो म्हणाला, "सिस्टीम स्लो आहे." मी थांबतो म्हणालो. थांबलो. दोन गिऱ्हाईक करून झाले. मग तो म्हणाला, "मार्क सोडा काकाजी, आम्हाला अनुभव आहे."

तर मार्क मीच लिहितो. १२० पैकी १०४ प्रश्न सोडवले, ५८ बरोबर, ४६ चूक. चुकीला पाव गुण वजा, म्हणजे साडेशेहेचाळीस. त्यात इंग्रजीचे २४ पैकी १९ बरोबर. जी मुलगी मराठी शाळेतून आली म्हणून तुम्ही हिणवता, तिचा सगळ्यात भक्कम विभाग इंग्रजी आहे. ती अडते लॉजिकलमध्ये, तिथे २४ पैकी ७. आणि तिला वेग वाढवायचा नाही, कमी करायचा आहे. अंदाजाने खुणा केलेले प्रश्न सोडले असते तरी गुण वाढले असते. हे कळायला पेपर एकदा उघडावा लागतो. पाच महिन्यांत तुमच्याकडे कोणीही तो उघडला नाही. ४८,००० रुपये मी त्यासाठीच दिले होते.

प्रती लावून झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, वारंग्याचं सोडून द्यायचं का?" तिथल्या विधी विद्यापीठासाठी ती दोन वर्षे पहाटे उठते आहे. या प्रश्नाचे उत्तर मी दिले. तिच्यावर तो विचारायची वेळ का आली, याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

माझी मागणी : न झालेले २३ आणि उरलेले १८, अशा ४१ तासांचे २५,२३० रुपये. कोचिंग क्लासेससाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मधेच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेली फी १० दिवसांत परत करावी असे आहे. तेवढेच दिवस देतो. सोबत न दिलेल्या मॉकवर शेरा कोणी लिहिला त्याचा लेखी खुलासा आणि माझ्या मुलीची लेखी माफी. पैसे आले आणि माफी आली नाही, तर ते मी प्रकरण मिटले असे समजणार नाही.

१० दिवसांनी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तिथे शुल्क लागत नाही आणि टायपिंग माझे घरचेच आहे.

या पत्राची एक प्रत उद्या सकाळी शाखेत स्वतः आणून देतो. दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का द्यावा. फोन करू नये.

एक पालक,
मानेवाडा, नागपूर