मोतीबिंदूचा मोबदला मिनिटांवर ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहा मिनिटांच्या शस्त्रक्रियेला एवढी फी कशाला, हा मोतीबिंदूवरील कालच्या लेखातील प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण त्या दहा मिनिटांत काय घडते, हे लेखकाने पाहिलेले दिसत नाही. जेमतेम तीन मिलिमीटरच्या छेदातून आतले भिंग फोडून ओढून घ्यायचे आणि त्यामागचे काही मायक्रॉन जाडीचे आवरण शाबूत राखायचे असते, कारण ते फाटले तर सोपे वाटणारे काम तासाभराचे होऊन बसते. वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करून ज्याचा हात बसला, त्याचाच मोबदला वेळ वाचला म्हणून कापायचा, हा कोणता न्याय? अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेने 2020 मध्ये वेळ कमी लागतो या आधारावर ही फी सुमारे 15 टक्क्यांनी उतरवली.

माझ्या आईचा मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता आणि थेंब घालूनही बाहुली नीट फाकत नव्हती. विम्याचे पॅकेज मात्र सोप्या आणि अवघड डोळ्याला एकच! एका रुग्णालयाने ‘मोठ्या ठिकाणी दाखवा’ म्हणून परत पाठवले. खरे कारण तिथल्या डॉक्टरबाईंनीच निघताना सांगितले: या एका डोळ्याच्या वेळात यादीतले चार पेशंट होतात आणि पैसे तेवढेच मिळतात. त्यांचा राग आलाच. त्याहून अधिक आला तो असा दर ठरवणाऱ्यांचा. पुढे ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनी बारीक हुकांनी बाहुली ताणून धरली, जवळपास तासभर खपले आणि पॅकेजबाहेर एक रुपया मागितला नाही. असा चांगुलपणा गृहीत धरून दरपत्रके बनवू नयेत. फी कापणाऱ्या अमेरिकेतही असे हुक लावावे लागले की अवघड मोतीबिंदूचा वेगळा, वाढीव दर लागू होतो. आपल्या विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनी पिकलेला मोतीबिंदू, न फाकणारी बाहुली आणि भूल देऊन करावी लागणारी लहान मुलांची शस्त्रक्रिया यांचे दर स्वतंत्र ठेवावेत.

आणखी एक. लेखात फेको (मोतीबिंदू काढण्याची हल्लीची नेहमीची पद्धत) म्हणजे लेझर असे छापले आहे. फेकोमध्ये भिंग अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी फोडतात. लेझरची पद्धत वेगळी आणि बरीच महाग आहे. बिल समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकाची यातून दिशाभूल होते, तरी कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक वाचक, कराड (जि. सातारा)