विज्ञान दिनाला विकतचं मॉडेल नको, घरातलं घोंगडं आणू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

येत्या २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. १९२८ साली त्याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी रामन इफेक्टचा शोध लावला म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळतात, हे आता आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. खरं त्या दिवशी शाळेशाळेत जे प्रदर्शन भरतं त्याबद्दल एक आई म्हणून लिहायचं होतं. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या मुलासाठी आम्ही दुकानातनं तयार मॉडेल आणलं, थर्माकोलचं, वर रंग मारलेला, चारशे रुपये गेले. परीक्षकांनी विचारलं हे कसं चालतं, तर पोरगं खाली मान घालून गप्प. घरी येऊन रडलं. त्या दिवशीचं अजून मनातनं जात नाही.

आता धाकटीचं सांगते. ती खानापूर तालुक्यातल्याच एका सरकारी मराठी शाळेत सातवीला आहे. डिसेंबरात एक दिवस सकाळी ती आजोबांचं घोंगडं दप्तराबरोबर घेऊन निघाली, मी ओरडले, कारण ते आमच्या सासऱ्यांचं जुनं, चिंचोक्याची खळ दिलेलं, पावसात शेतात जाताना खोळ करून पांघरायचं घोंगडं. तर म्हणते, "आई, सरांनी सांगितलंय, घरातनं ऊब देणारं काहीपण आणा म्हणून." मला राहवलं नाही, दुपारी मी शाळेत गेले.

झालं होतं काय, तर शाळेत पोरांना गरम दूध मिळतं, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांपर्यंत येईपर्यंत ते कोमट होतं. आपल्याकडं दोन-अडीच हजार फुटांची उंची, थंडीतली सकाळ, आणि दूध ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. एका पोरानं सरांना विचारलं पातेल्याला काय गुंडाळलं तर दूध गरम राहील. सर म्हणाले मी सांगणार नाही, तुम्हीच बघा.

मग पाच स्टीलचे पेले, सगळे एकाच मापाचे, प्रत्येकात एकसारखं ८० डिग्रीचं पाणी, वर ताटली झाकण. एक उघडा ठेवला, म्हणजे बाहेरनं काही गुंडाळलं नाही, एकाला वर्तमानपत्र, एक खोक्यात भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, पुरला, एकाला जुन्या लुगड्याची गोधडी, एकाला आमचं घोंगडं. अर्ध्या तासानं थर्मामीटर घातला. उघडा पेला ५९ वर आला, वर्तमानपत्राचा ६४, पिंजरातला ६७, गोधडीचा ६९, घोंगड्याचा ७०. थर्मामीटर लॅबचा होता बरं का, तापाचा नव्हे. तापाचा ४२ च्या पुढं जातच नाही, गरम पाण्यात घातला तर फुटतो, घरी कुणी करून बघत असेल तर तेवढं सांभाळा.

खरं मला जास्त आवडलं ते पुढचं. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, सर हे चीटिंग आहे, गोधडी चार घड्या घातलीय आणि पेपर एकच थर आहे. सगळा वर्ग हसला, सर हसले नाहीत. तुझं बरोबर आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याची जाडी पट्टीनं मोजून दोन बोटं केली आणि सगळं पहिल्यापासनं परत केलं. वर्तमानपत्र चुरगाळून जाड गुंडाळल्यावर ते गोधडीच्या अगदी जवळ आलं! कारण ऊब कापडात किंवा कागदात नसते, मधे अडकलेल्या हवेत असते. हवेतनं उष्णता फार हळू जाते, पाण्यातनं तिच्या वीस पटीहून जास्त, आणि ॲल्युमिनियममधनं तर हजारो पटीनं. पण हवा हलता कामा नये, म्हणून लोकरीच्या केसात, पिंजराच्या नळीत, कापसात ती कोंडून धरावी लागते. घोंगडं दोरीनं करकचून आवळलं तर आकडा खाली आला, सैल बांधलं तर वर गेला, हे पोरांनी स्वतः बघितलं.

तिसऱ्या दिवशी एका पेल्याला झाकण लावायचं राहिलं आणि तो सगळ्यात जास्त थंड झाला, गोधडी असूनसुद्धा. दुसरीकडं असतं तर आकडा खोडून शेजाऱ्याचा लिहिला असता. इथं मात्र वहीत तसाच लिहून ठेवला आणि बाजूला लिहिलं, वाफ गेली, वाफेबरोबर उष्णता गेली. माझ्या मते ते पान सगळ्या वहीत चांगलं आहे. मग त्यांनी घोंगडं मुद्दाम ओलं करून गुंडाळलं तर पाणी ५० वर, म्हणजे उघड्या पेल्यापेक्षापण खाली. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसात भिजलेला माणूस का कुडकुडतो हे कुणी वेगळं सांगायला लागलं नाही.

आणि बर्फाचं तर ऐकाच. सरांनी विचारलं घोंगड्यात बर्फ ठेवला तर लवकर वितळेल की उशिरा. जवळजवळ सगळी पोरं म्हणाली लवकर, कारण घोंगडं गरम असतं. खरं सांगायचं तर मलासुद्धा तसंच वाटत होतं, इतकी वर्षं त्याच घरात काढून. प्रार्थनेनंतर दोन वाट्या बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, एक नुसता टेबलावर, एक घोंगड्यात. जेवणाच्या सुट्टीनंतर बघितलं तर टेबलावरचा सगळा पाणी, आणि घोंगड्यातला अजून लिंबाएवढा शिल्लक. घरी येऊन ती सासऱ्यांना म्हणते, "आजोबा, घोंगडं गरम नसतंयच मुळी, ते फक्त वाट अडवतंय." बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात का ठेवतात ते मला तेव्हा कळलं. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ आला होता, चार महिन्यांच्या प्रवासात, तोपण असंच काहीतरी भोवती भरून, असं सरांनी सांगितलं.

आता दुधाच्या पातेल्याला गोणपाट आणि गोधडीचं आवरण शिवलंय, वर घट्ट झाकण. शेवटच्या रांगेला दूध गरम मिळतंय. ह्याला खर्च किती, तर शाळेला लागला फक्त एक थर्मामीटर, बाकी सगळं घरातलं.

म्हणून विनंती अशी की यंदा प्रदर्शनात बक्षीस विकतच्या मॉडेलला देऊ नका. ज्या थर्माकोलचे आपण डोंगर आणि ज्वालामुखी करतो त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, मग त्याच्यावर रंग मारण्यापेक्षा तोच एका पेल्याला गुंडाळून किती वेळ पाणी गरम राहतं ते मोजायला सांगा. पोरांची वही बघा, खाडाखोड बघा, चुकलं कुठं ते विचारा. शिक्षण खात्यानं प्रत्येक शाळेला चार-पाच लॅबचे थर्मामीटर द्यावेत, एका थर्मामीटरवर सगळा वर्ग रांगेत उभा राहतो आणि तोवर पाणी गार होतं. आणि मराठी शाळेत काय शिकवतात म्हणून पोरांना काढून नेणाऱ्या पालकांनी एकदा असा तास बसून बघावा, दुर्वाहक म्हणजे उष्णता सहज जाऊ न देणारी वस्तू, हे माझ्या मुलीला पाठ करावं लागलं नाही.

आमच्या मळणीचं पिंजर अजून भरपूर आहे. आसपासच्या कुठल्या शाळेला लागत असेल तर २८ तारखेच्या आधी दोन पोती भरून पोचवू.

आपली वाचक,
एक पालक, ता. खानापूर, जि. बेळगाव