गेटबाहेरची परवानगी

पुणे

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल वृद्धाश्रमाच्या ऑफिसातल्या बाईंनी तुझी मेल मला वाचून दाखवली. चष्मा माझ्या नाकावरच होता, तरी वाचून दाखवली. ‘आईंना एकटीने गेटबाहेर सोडू नये.’ म्हणजे कोपऱ्यावरून बिस्किटाचा पुडा आणायला आता एखादी मावशी मोकळी होईपर्यंत बसून राहायचं.

तुझा जीव घाबरतो, कळतं मला. मार्चमध्ये मनगट मोडलं तेव्हा रात्रीच्या गाडीने बेंगळुरूहून धावत आलास. पण मी पडले ती न्हाणीघरात, रस्त्यावर नव्हे. पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, फरशी ओली, डोळ्यांवर झोप. मेल लिहायचीच होती तर भिंतीला धरायला दांडी बसवा आणि आईला सात वाजता, उजेडात आंघोळ करू द्या, असं लिहायचंस. त्या आधी मला एक फोन करायचास.

शेजारच्या खोलीतल्या बाई दिवाळीपर्यंत वॉकरने जेवायला यायच्या. पंधरा मिनिटं लागायची. व्हीलचेअरने दोन मिनिटांत काम होतं, म्हणून रोज खुर्चीच. आता उभं केलं की पाय लटलटतात. बसून बसून मांड्यांतली ताकद जाते आणि मग पडायची भीती खरी होते. हे सगळं काळजीपोटीच झालं, कुणी वाईट नाही इथे.

व्यायाम घ्यायला येते ती फिजिओ मुलगी सांगत होती, 1970च्या दशकात अमेरिकेत कनेटिकटच्या एका वृद्धसदनात प्रयोग झाला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, ही कुंडी तुमची, पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर पाणी नर्स घालायच्या. तीनच आठवड्यांत स्वतः पाणी घालणारे लोक जास्त हिंडते-फिरते आणि खूश दिसायला लागले. माझ्या तुळशीला इथे माळी पाइपने पाणी मारतो. तिची माती पार वाहून गेली.

आणि पैसे. 32 वर्षं पोस्टाच्या काउंटरवर लोकांच्या नोटा मोजल्या. आता स्वतःच्या पेन्शनमधले शंभर रुपये मागायला ऑफिसात उभी राहते. एटीएम कार्ड पाठवून दे.

ती मेल मागे घे. बाहेर जाण्याचं हमीपत्र मी माझ्या सहीने देईन.

आणखी एक. मी लिव्हिंग विल करते आहे, म्हणजे पुढे मला सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार करायचे नि कोणते नाहीत, ते आत्ताच लिहून ठेवते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्याला मान्यता दिली. आधी मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागे, 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरीवर भागतं. मला बोलता येईनासं झालं की माझ्या वतीने कोण बोलणार, तिथे तुझंच नाव घालणार आहे. तोवर मी बोलते आहे.

गणपतीत येशील तेव्हा न घसरणाऱ्या चपला आण, पाच नंबर. रंग मी फोनवर सांगते.

तुझी,
आई