अपील त्यांचं, खोळंबा आमचा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दिवाळखोरीत गेलेल्या भूषण पॉवर अँड स्टीलवरचा कालचा अग्रलेख वाचला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ च्या निकालात ती कंपनी ताब्यात घेण्याची जेएसडब्ल्यू स्टीलची योजना कायम केली आणि बँकांचा जीव भांड्यात पडला, याचा आनंद आपल्या ओळीओळीत दिसतो. त्याच न्यायालयाच्या आधीच्या, दोन मेच्या आदेशाप्रमाणे कंपनी अवसायनात निघाली असती, म्हणजे मोडीत काढून विकली गेली असती, आणि बँकांना जेएसडब्ल्यूकडून मिळालेले १९,३५० कोटी परत करावे लागले असते तर काय अनर्थ झाला असता, यावर आपण तब्बल दोन परिच्छेद खर्च केलेत. कंपनीला माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला आलं अर्धं वाक्य, तेही कंसात. कंसात का होईना, आठवण ठेवलीत, आभारी आहे.

त्याच प्रकरणात योजनेला एनसीएलटीची, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाची, मंजुरी मिळाली सप्टेंबर २०१९ मध्ये. बँकांचे पैसे चुकते झाले मार्च २०२१ मध्ये आणि पुरवठादारांचे त्याहून वर्षभर उशिरा. नियम काय सांगतो? ऑपरेशनल क्रेडिटरची, म्हणजे आमच्यासारख्यांची, रक्कम बँकांच्या आधी द्यायची. कागदावर आम्ही रांगेत पहिले!

माझा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना आहे, रोलर आणि शाफ्ट करून देतो. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, नाव घेत नाही, दिवाळखोरीत गेलं तेव्हा आमचे अकरा लाख अडकले होते. योजना ठरवणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत आम्हाला मत नाही, त्यामुळे योजनेत वाट्याला लाखभर आले ते मुकाट्याने मान्य केले. लाख तर लाख. मंजुरीही झाली. मग दोन बँकांचं आपसात बिनसलं. कुणाकडे कुठलं तारण, कुणाला जास्त टक्के, या भांडणात एक बँक अपिलात गेली आणि एनसीएलएटीने, म्हणजे दिल्लीतल्या अपील न्यायाधिकरणाने, सगळ्याच वाटपाला स्थगिती दिली. माझ्या लाखाबद्दल कुणाचाच वाद नव्हता. तरी तो अडकला.

दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलच्या ऑफिसात फोन केला की एक मुलगी अतिशय गोड आवाजात सांगायची, "सर, मॅटर सबज्युडिस आहे." म्हणजे न्यायप्रविष्ट. पुढची तारीख कधी विचारलं तर, "सर, वेबसाइटवर बघा." वेबसाइटवर मागचीच तारीख.

आता यातली खरी मजा ऐका. अपिलात गेलेली ती बँक म्हणजे माझं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे धंद्याचं कर्जखातं, जिथे आहे तीच बँक. तिथे ती घेणेकरी म्हणून स्थगिती घेऊन बसलेली, इथे मी तिचा देणेकरी. एका महिन्यात व्याज भरायला थोडा उशीर झाला, तर सकाळी शाखेतून फोन. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, तुमच्याच अपिलामुळे माझे पैसे अडकलेत, ते आले की भरतो. ते म्हणाले, "काका, ते हेड ऑफिसचं लीगल बघतं, आपल्या खात्याचा त्याच्याशी संबंध नाही. खातं एनपीए होईल हो." एनपीए म्हणजे थकीत कर्जाचा शिक्का. माझ्या व्याजाला कुठल्याही न्यायाधिकरणाची स्थगिती नव्हती. शेवटी घरचे दागिने गहाण ठेवून भरलं. बँक तीच, दुसरी खिडकी.

अपील यथावकाश निकाली निघालं, पैसेही आले. मूळ आकड्यावर एक रुपया जास्त नाही. इतका काळ ती रक्कम कुठल्या तरी खात्यात पडून होती, तिच्यावरचं व्याज कुणी खाल्लं, हे विचारायची सोय नाही. अकरा लाखांच्या त्या बिलांवरचा जीएसटी मात्र मी ज्या त्या महिन्यात भरून बसलोय. गिऱ्हाईक बुडालं म्हणून तो परत मिळत नाही. असो, तो विषय काढला तर आपल्याला पुरवणी छापावी लागेल.

अपील करू नये असं मी म्हणत नाही. एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीत जुलै २०१९ मध्ये एनसीएलएटीने आम्हालाही बँकांइतकेच, रुपयाला साठ पैसे द्या म्हटलं, तेव्हा आमच्या वसाहतीत पेढे वाटायचेच बाकी होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' सांगितलं आणि नोव्हेंबरात तो निकालच रद्द केला. कायद्याचा अर्थ तसा असेल तर तसा. माझं म्हणणं एवढंच की भांडण ज्याचं, पैसे त्याचे अडवा. भूषणच्या प्रकरणात बँकांनी अपील उलटलं तर दोन महिन्यांत परत करू अशी हमी दिली आणि कोट्यवधी उचलले. तशीच हमी माझ्याकडून लिहून घ्या, हव्या त्या स्टॅम्प पेपरवर देतो. पण लाखभराच्या माणसाला हमीचा पर्याय कुणी विचारतच नाही, आणि तो मागायला दिल्लीत वकील उभा करायचा तर त्याची फी लाखाच्या वर. 'अंतिमत्वाचा विजय' वगैरे लिहिताना हे आपल्याला सुचलं नसेल, कारण आपला पगार एक तारखेला होत असावा.

जाता जाता, आपल्याशीच संबंधित एक तक्रार. कंपनी दिवाळखोरीत गेली की दावे मागवणारी जाहीर सूचना मराठी पेपरातही द्यावी लागते आणि मुदत असते जेमतेम चौदा दिवसांची. आमच्या गिऱ्हाइकाची सूचना ज्या पानावर आली तिथली अक्षरं मुंगीएवढी होती. वर नगरपालिकेचं टेंडर, खाली नावात बदल. मला ती एका ट्रान्सपोर्टवाल्याने दाखवली म्हणून दावा तरी लागला. आपल्याकडेही परिस्थिती वेगळी नाही. परवाच्या अंकातली अशीच एक सूचना मी भिंग घेऊन वाचली. जागा नव्हती असं कृपया सांगू नका. शेजारी अर्धं पान रो-हाऊसच्या स्कीमला दिलेलं होतं.

आपला,
एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये. खातं अजून त्याच बँकेत आहे.)