मेलची प्रिंट नको, मेल घ्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. लिफ्टच्या ठेकेदाराच्या नावाने मेल आला: खाते बदलले आहे, बिल नव्या खात्यात भरा. मी १,८४,००० रुपये भरले. मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता, तो चार दिवसांनी दिसला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोवर खाते रिकामे झाले होते. चूक माझी, त्याबद्दल रडत नाही.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "काका, मेलची प्रिंट आणा, दोन प्रती." आणल्या. शिक्का मारून फायलीत गेल्या. पण साहेब, मेल कुठून आला हे त्या कागदावर नसतेच! पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो. खरे सांगतो तो टपालाचा शिक्का. मेलचे हे शिक्के हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या ओळींत असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्ह्ड' अशी ओळ वर चढवतो, म्हणून उगम तळाशी. मात्र तळाच्या ओळी खोट्याही घालता येतात. म्हणून आपल्या सर्व्हरच्या ओळीपासून खाली उतरायचे आणि साखळी जिथे तुटते तिथे थांबायचे. जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' केले की हे सगळे दिसते, फाईलही उतरवता येते. मेल फॉरवर्ड केला तर मात्र शिक्के आपलेच लागतात. (मला आधी तेच सुचवले होते.)

हेडर मिळाला म्हणजे चोर मिळाला, असे नाही. ब्राउझरमधून पाठवलेल्या जीमेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नसतो, तो मेल कंपनीकडे नोटीस देऊन मागावा लागतो. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहक वापरतात. त्यातला नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट क्रमांक (त्या जोडणीचा उपक्रमांक) आणि नेमकी वेळ लागते. कंपनीची वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे, ते साडेपाच तास विसरले तर पोलीस भलत्याच्याच दारात उभे! आणि दार बरोबर असले तरी? २००८ साली अहमदाबाद स्फोटांची जबाबदारी घेणाऱ्या मेलचा माग सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत गेला, तर तिथल्या अमेरिकन भाडेकरूचे वायफाय दुसऱ्यांनीच वापरलेले निघाले.

म्हणूनच घाई हवी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग (कोण कधी जोडले गेले याच्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. त्यानंतर ते असतीलच असे नाही. तो मेल येऊन आज १४३ दिवस झाले.

प्रत्येक ठाण्यात तक्रार घेतानाच मूळ मेलची फाईल घ्यावी, तिची हॅश, म्हणजे फाईल बदलली तर बदलणारा तिचा अंकी ठसा, नोंदवावी (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला ती लागतेच), आणि कंपनीला नोटीस त्याच आठवड्यात जावी, असे एक परिपत्रक काढा. नवा विभाग नको, इमारत नको, उद्घाटनही नको.

आमच्या मेलची मूळ फाईल पेनड्राइव्हवर तयार आहे. कोणाकडे द्यायची, तेवढे ३७ दिवसांच्या आत कळवावे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार