ओंकारच्या प्रवेशाबद्दल

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. ताईस,
शि. सा. न.

ओंकारचा निकाल कळला, फार आनंद झाला. पण अकरावी सायन्सवरून घरात वाद चाललाय असं आई म्हणाली, म्हणून सविस्तर लिहितोय. दाजींनाही वाचायला दे.

त्याला पॉलिटेक्निकला जायचंय ना, जाऊ दे. आमच्या कंपनीत शिकाऊ मुलं असतात, त्याच्याहून थोडीच मोठी. मेकॅट्रॉनिक्सचं, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून, शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस कारखान्यात, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. सुरुवातीला हातात कानस देतात. परवा एक मुलगी पोलादाचा तुकडा घासत होती. घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. मास्तर शेजारीच उभे, पण बोलले काही नाहीत. आपल्या आयटीआयतली फिटरची पोरं हेच तर करतात गं! पण त्यांच्याकडे आपण 'मार्क कमी पडले असतील' अशा नजरेनं बघतो.

ही मुलगी पुढे अनुभव घेऊन 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा देऊ शकेल. इथल्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत माइस्टर आणि बॅचलर पदवी दोन्ही सहाव्याच पातळीवर आहेत. माइस्टर झालेल्याला विद्यापीठाचं दारही उघडं असतं.

संशोधन करायचं असेल तर विद्यापीठाची वाट बरी, हे खरंच. ओंकारला गणिताची तशी ओढ असती तर मीच अकरावी घे म्हटलं असतं. पण तो मोटरपंप खोलून बसणारा पोरगा आहे.

इथलंही सगळं मला पटत नाही. बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच, दहाव्या वर्षी, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. एवढ्याशा लेकराची वाट कुणी का ठरवावी? ओंकार सोळाचा आहे आणि स्वतःच्या तोंडानं सांगतोय.

दाजींना डिग्री हवी आहे, तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोच. मात्र कॉलेजचं नाव ऐकून फॉर्म भरू नका. वर्कशॉपमध्ये जाऊन या, लेथ चालू आहेत का बघा, आणि तिथल्या मुलांनाच विचारा की मशीनवर हात मारायला मिळतो का. कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचे, पर्याय भरण्याआधी यादी मला पाठव.

आईला नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
संजू